शेल्टरमधील प्राणी आणि माणसे यांची भेट घडवताना : स्वयंसेवकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पुण्याच्या वेशीवरील एका शेल्टरमध्ये मी गेली अकरा वर्षे दर शनिवारी सकाळी काम करते. काही वर्षांपूर्वी तेथील शेवटच्या पिंजऱ्यात तांबूस रंगाची, मागचा एक पाय अपघातात गमावलेली कुत्री होती आणि ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसलेली असे. कुत्रे दत्तक घ्यायला आलेली कुटुंबे पिंजऱ्यांच्या रांगेतून चालत येत, उड्या मारणाऱ्या पिल्लांपाशी रेंगाळत आणि हिच्या पाठीकडे क्षणभर पाहून मागे फिरत. आमच्यातील एक स्वयंसेविका दर शनिवारी अर्धा तास त्या पिंजऱ्याबाहेर, जाळीकडे पाठ करून, जमिनीवर बसू लागली आणि वर्तमानपत्रातील बाजारभाव, हवामान, अग्रलेख असे जे समोर येईल ते शांत आवाजात वाचू लागली. सहाव्या शनिवारी कुत्रीने तोंड फिरवले. नवव्या शनिवारी ती तीन पायांवर उठून जाळीपाशी आली आणि तिने त्या बाईंच्या ओढणीच्या टोकाचा वास घेतला. पुढे चार महिन्यांनी ती एका निवृत्त दांपत्याच्या घरी गेली.

हा लेख अशा कामात उतरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. देणगी गोळा करणे, जखमी जनावर उचलून आणणे, औषधोपचार करणे ही सारी कामे तितकीच मोलाची आहेत, पण येथे फक्त माणूस आणि शेल्टरमधील प्राणी यांची गाठ घालून देणाऱ्या कामाचा विचार केला आहे. या कामात माझी एक धारणा पक्की झाली आहे. भेटीला दोघांचीही संमती लागते, आणि प्राण्याला बोलता येत नसल्यामुळे त्याचा होकार किंवा नकार ओळखून त्याप्रमाणे वागणे ही स्वयंसेवकाची पहिली जबाबदारी असते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी याच धारणेतून आली आहे.

शेल्टरमध्ये कोणते प्राणी असतात

नव्याने येणाऱ्या अनेकांचा समज असतो की रस्त्यावरचे कोणतेही कुत्रे शेल्टरमध्ये आणून ठेवता येते. श्वान जन्मनियंत्रणाचे २०२३ चे केंद्रीय नियम (त्यापूर्वी २००१ चे नियम होते) असे सांगतात की निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाल्यावर भटके कुत्रे सर्वसाधारणपणे जेथून उचलले तेथेच परत सोडायचे असते. कानाला खाच असलेले जे कुत्रे आपण गल्लीत पाहतो ते या प्रक्रियेतून गेलेले असतात. त्यामुळे निर्बीजीकरण केंद्र आणि शेल्टर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेल्टरमध्ये कायम राहतात ती आई गमावलेली पिल्ले, अपघातात अपंग झालेली किंवा आंधळी कुत्री-मांजरे आणि मालकांनी सोडून दिलेले जातिवंत कुत्रे. यातील शेवटचा गट अलीकडे फार वाढलेला मला दिसतो. फ्लॅटमध्ये हौसेने आणलेला हस्की किंवा सेंट बर्नार्ड उन्हाळा आला की झेपेनासा होतो आणि एखाद्या सकाळी शेल्टरच्या फाटकाला बांधलेला सापडतो.

या प्राण्यांना माणसांपर्यंत नेण्याचे मार्ग अनेक आहेत : दत्तक देण्यासाठी भरवले जाणारे अडॉप्शन कॅम्प, पिंजऱ्याजवळ बसून केले जाणारे वाचन, शाळकरी मुलांच्या भेटी, काही आठवड्यांसाठी प्राणी घरी सांभाळणे म्हणजे फॉस्टर, आणि वृद्धाश्रमांच्या भेटी. परदेशात हे प्रयोग फार पुढे गेले आहेत. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील महिलांच्या तुरुंगात सिस्टर पॉलीन क्विन यांच्या पुढाकाराने १९८१ साली कैदी महिलांनी कुत्र्यांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि नंतर तो इतर अनेक तुरुंगांत पसरला. आपल्याकडे त्यातील साधे, कमी खर्चाचे मार्ग सहज जमण्यासारखे आहेत.

पायरी पहिली : संस्था पारखणे

महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे. मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १८७४ साली संस्था स्थापन झाली आणि १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले, जे आजही चालू आहे. मुंबईतच १९८५ पासून भटक्या कुत्र्यांसाठी काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था आहे, पुण्यात ब्लू क्रॉस आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आहेत, आणि दक्षिण गोव्यात कुडचड्याला गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्टचे केंद्र आहे. प्रत्येकाची कामाची पद्धत वेगळी असते, म्हणून आपल्याला जे काम करायचे आहे ते तेथे चालते का, हे आधी विचारून घ्यावे.

नाव मोठे असो वा लहान, नाव नोंदवण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे आणि काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. नव्याने आलेल्या प्राण्यांना वेगळे ठेवण्याची जागा आहे का? डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर? दत्तक देताना निर्बीजीकरण आणि लसीकरणाची नोंद लेखी देतात का? दत्तक गेलेला प्राणी परत आला तर संस्था त्याला घेते का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले तर त्या संस्थेच्या अडॉप्शन कॅम्पमध्ये मी काम करणार नाही, कारण परतीचा रस्ता बंद असेल तर न जमलेला प्राणी शेवटी कोठल्या तरी हमरस्त्यावर सोडला जातो. फिनाइलचा वास, भुंकण्याचा गोंगाट आणि गळके छप्पर यांवरून मात्र घाईने मत बनवू नये. तीस पिंजऱ्यांना दोन माणसे असलेल्या ठिकाणीही उत्तम काळजी घेतली जाताना मी पाहिले आहे.

पायरी दुसरी : स्वतःची तयारी

कुत्र्या-मांजरांबरोबर नियमित काम करणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी, यात कोणतीही सवलत नाही. आपल्याकडील प्रचलित वेळापत्रकानुसार पहिल्या दिवशी (ज्याला शून्य दिवस म्हणतात), सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशा तीन मात्रा दिल्या जातात. आपल्या डॉक्टरांशी बोलून त्या पूर्ण कराव्यात आणि नोंदीचा कागद जपून ठेवावा. अशी लस झालेल्या माणसाला पुढे कधी चावा बसला तर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच मात्रा पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागत नाही. तरीही चावा, ओरखडा किंवा जखमेवर लागलेली लाळ यांपैकी काहीही झाले तर प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना किंवा तिखट जखमेत भरू नये. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच जीव घेतो, म्हणून ‘छोटासाच ओरखडा आहे’ हे वाक्य शेल्टरमध्ये कोणी उच्चारू नये असा आमचा नियम आहे.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा (प्राण्यांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, त्यामुळे गमबूट घालावेत आणि पायावर जखम असेल तर त्या आठवड्यात सुट्टी घ्यावी. पिल्लांच्या अंगावरील गजकर्ण आणि खरूज माणसाला लागू शकतात, म्हणून घरी गेल्यावर आधी अंघोळ आणि कपडे बदलणे, मगच स्वतःच्या घरच्या कुत्र्या-मांजराला जवळ घेणे. कपडे पूर्ण बाह्यांचे, जुने आणि लोंबणारी टोके नसलेले असावेत. वर सांगितलेली ओढणी अपवाद होती आणि त्याबद्दल त्या बाईंना नंतर समजही देण्यात आली.

पायरी तिसरी : पहिला महिना झाडू आणि बादली

प्राण्यांना कुरवाळायला मिळेल या ओढीने आलेल्यांना पहिल्या दिवशी हातात झाडू मिळाला की निराशा होते. पण पिंजरे धुताना प्राणी आपल्याला पाहतात, आपला वास आणि आवाज ओळखतात, आणि आपणही त्यांना कोणतीही मागणी न करता पाहत असतो. यापेक्षा चांगली ओळख मला माहीत नाही.

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लहान पिल्ले, मग निरोगी मोठे प्राणी, मग नवे आलेले आणि सर्वांत शेवटी आजारी, म्हणजे चपलांबरोबर आजार उलट दिशेने जात नाही. पिल्लांचा पार्व्हो हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्यासाठी आधी विष्ठा आणि मळ पूर्ण काढून, फरशी धुऊन, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे द्रावण टाकून दहा मिनिटे तसेच ठेवावे लागते. मळ तसाच ठेवून वरून ब्लीच ओतल्यास त्याचा उपयोग होत नाही. मांजरांच्या खोलीत काळे फिनाइल कधीही वापरू नये, कारण त्यातील द्रव्ये मांजरांना विषारी ठरतात.

याच महिन्यात तेथील कर्मचाऱ्यांशी नाते जोडावे. आमच्याकडे पिंजऱ्यांची व्यवस्था सांभाळणारे एक मामा आहेत. कोणते कुत्रे झाडू पाहून बिथरते, कोणते टोपी घातलेल्या माणसाला घाबरते, कोणत्या दोघांना एका वेळी बाहेर काढू नये, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे आणि ते कोणत्याही फॉर्मवर लिहिलेले नाही. त्यांना न विचारता पिंजऱ्याची कडी काढणे हा मोठा अपराध समजावा.

पायरी चौथी : नकार ओळखायला शिकणे

शेपटी हलते म्हणजे कुत्रे खूश आहे, ही समजूत शेल्टरच्या दारातच सोडावी. ताठ, उंच धरलेली आणि भराभर थरथरणारी शेपटी तणावाची असू शकते. सैल अंग, किंचित उघडे तोंड आणि कंबरेपासून हलणारी शेपटी ही बहुधा आनंदाची असते. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, कान मागे टाकणे, शेपटी पायांत घालणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अचानक निश्चल होणे, हे सर्व ‘आता पुरे’ असे सांगण्याचे मार्ग आहेत. निश्चल झालेल्या कुत्र्याला लोक ‘बघा, किती शांत उभा आहे’ असे म्हणतात, आणि पुष्कळ चावे त्याच क्षणी बसतात. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला रागावू नये. गुरगुरणे ही त्याने दिलेली सूचना असते, आणि ती दिल्याबद्दल शिक्षा मिळत गेली तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावायला शिकतो.

मी नव्या स्वयंसेवकांना एक साधी कसोटी शिकवते. कुत्र्याच्या बाजूला, त्याच्याकडे तोंड न करता बसावे आणि त्याला हवे असल्यास जवळ येऊ द्यावे. तो आला तर छातीच्या बाजूला किंवा मानेखाली तीन सेकंद हलके खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो पुन्हा अंग टेकवतो का, नाकाने हात ढकलतो का? तसे केले तर पुढे चालू ठेवावे. तो तसाच उभा राहिला किंवा बाजूला सरकला, तर त्याचे उत्तर मिळाले आहे. डोक्यावर वरून हात ठेवणे, मिठी मारणे, तोंडाजवळ तोंड नेणे हे आपल्याला प्रेमाचे वाटते, पण अनोळखी माणसाकडून ते बहुतेक कुत्र्यांना धमकीसारखे वाटते.

मांजरांची भाषा वेगळी आहे. मांजराने शेपटी जोरात आपटायला सुरुवात केली, कान बाजूला पाडले किंवा पाठीवरचे कातडे थरथरवले तर हात मागे घ्यावा. त्याच्याकडे टक लावून पाहू नये. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत, आणि मांजरानेही तसेच केले तर संवाद सुरू झाला असे समजावे. खोक्यात लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढणे म्हणजे दोन आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया घालवणे.

पायरी पाचवी : पिंजऱ्यापाशी वाचन

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात बर्क्स काउंटीच्या शेल्टरने २०१३ साली मुलांनी मांजरांना पुस्तके वाचून दाखवण्याचा कार्यक्रम सुरू केला, आणि मिझुरीच्या ह्यूमेन सोसायटीने २०१५ च्या अखेरीस कुत्र्यांसाठी तसाच उपक्रम हाती घेतला, ज्यात ६ ते १५ वयोगटातील मुलांना आधी दहा तासांचे प्रशिक्षण दिले जाते. या दोन्हींचा गाभा एकच आहे. वाचणाऱ्याचा आवाज एका लयीत चालतो, त्याची नजर पुस्तकावर असते आणि त्याचे हात गुंतलेले असतात, त्यामुळे भित्र्या प्राण्याला माणूस जवळ असूनही त्याच्याकडून काही मागणी होत नाही. मुलाच्या बाजूने पाहिले तर चुकले म्हणून कोणी हसत नाही. वाचताना अडखळणाऱ्या मुलांना मी येथे मोकळी होताना पाहिले आहे, आणि म्हणूनच जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेजवळ शेल्टर असेल तर हा उपक्रम अवश्य करून पाहावा.

आयोजन असे करावे. पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि आठ वर्षांखालील मुलाबरोबर पालक असावाच. एका वेळी सहापेक्षा जास्त मुले नकोत आणि दर दोन मुलांमागे एक प्रशिक्षित मोठा माणूस हवा. मुले येण्यापूर्वी कुत्र्यांचे खाणे आणि फिरणे झालेले असावे. पहिली वीस मिनिटे पिंजऱ्यांपासून दूर बसून देहबोलीची चित्रे दाखवावीत आणि मुलांकडूनच ‘हा कुत्रा काय म्हणतो आहे?’ याचे उत्तर काढून घ्यावे. मग प्रत्येक मुलाला ठरलेल्या पिंजऱ्यासमोर, जाळीपासून तीन फूट अंतरावर, सतरंजीवर तिरपे बसवावे. बोटे जाळीतून आत घालायची नाहीत, हे प्रत्येकाकडून वदवून घ्यावे. कुत्र्याने मुलाकडे पाहिले किंवा कुत्रा एक पाऊल पुढे आला की मोठ्या माणसाने उकडलेल्या, मीठ-मसाला नसलेल्या चिकनचा छोटा तुकडा जाळीखालून सरकवावा. ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे मुले प्रेमाने आणतात, ते गोड शब्दांत परत द्यावेत, आणि चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा हे कुत्र्यांना घातक असल्याचे त्याच वेळी सांगावे.

वाचन पंधरा-वीस मिनिटांत थांबवावे, मुलांना आणि कुत्र्यांना दोघांनाही आणखी थोडे चालले असते अशा वेळी. एक कुत्रा भुंकू लागला तर त्या मुलाला शांतपणे दुसऱ्या जागी न्यावे. ‘तो तुझ्यावर रागावला’ असे न सांगता ‘त्याला आज एकटे राहायचे आहे’ असे सांगावे. जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे हात धुवून घेताना कोठे ओरखडा आहे का हे स्वतः पाहावे, कारण रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात. याबाबतीत मी मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून सांगते की ओरखडा दाखवणाऱ्या मुलाला घरी एक शब्दही बोलायचा नाही.

पायरी सहावी : अडॉप्शन कॅम्प

कॅम्पचे यश किती प्राणी गेले यावर मोजण्याची सवय आहे आणि ती मला मान्य नाही. किती गेले आणि सहा महिन्यांनी किती त्याच घरात आहेत, असे मोजावे.

तारीख ठरवताना पंचांग पाहावे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कॅम्प घेऊ नये, कारण नव्या घरात आठ दिवसांपूर्वी आलेला कुत्रा फटाक्यांच्या आवाजाने बिथरून पळतो आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका ऑगस्टमध्ये आम्ही एका बागेजवळच्या सभागृहात कॅम्प घेतला आणि शेजारच्या मैदानात संध्याकाळी ढोल-ताशा पथकाचा सराव असतो, याची चौकशीच केली नव्हती. पहिला टिपरू पडला तशी माझ्या हातातील कुत्री मागे सरकली, मान आवळून घेऊन तिने पट्ट्यातून डोके काढले आणि ती रस्त्यापलीकडे नाहीशी झाली. दोन दिवसांनी एका बांधकामावरील पाण्याच्या टाकीखाली ती सापडली. तेव्हापासून कोणताही कुत्रा गळ्यातील पट्टा आणि छातीवरील हार्नेस अशा दोन वेगळ्या दोऱ्यांशिवाय आमच्या फाटकाबाहेर जात नाही, आणि भित्रे कुत्रे कॅम्पला नेलेच जात नाहीत. त्यांच्यासाठी इच्छुक कुटुंबाला शेल्टरमध्ये बोलावले जाते.

कॅम्पला नेण्याच्या प्राण्यांची निवड डॉक्टर आणि कर्मचारी यांच्याबरोबर बसून करावी. आठ आठवड्यांखालील पिल्लू नेऊ नये. लसीकरण सुरू न झालेले पिल्लू गर्दीत नेणे म्हणजे पार्व्होला आमंत्रण आहे. प्रत्येक प्राण्यामागे एक स्वयंसेवक असावा, आणि दर चाळीस मिनिटांनी त्या प्राण्याला गर्दीपासून दूर, सावलीत, पाणी ठेवलेल्या जागी विश्रांती द्यावी. प्राण्याने तोंड वळवले, धापा टाकू लागला किंवा टेबलाखाली लपला, तर त्याचा त्या दिवसाचा कॅम्प संपला.

प्राण्याच्या ओळखपत्रावर खरे लिहावे. ‘अत्यंत प्रेमळ, सर्वांशी मिसळणारा’ असे प्रत्येकाबद्दल लिहिलेले असते आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. त्यापेक्षा ‘वय अंदाजे ४ वर्षे, गावठी, निर्बीजीकरण झालेले, पुरुषांना भेटायला वेळ लागतो, मांजरांच्या मागे लागतो, जिने चढायला घाबरतो, पावसात बाहेर जायला नकार देतो, संध्याकाळी पायाशी येऊन झोपतो’ असे लिहिलेले वाचून ज्या कुटुंबाला तो हवासा वाटतो तेच त्याचे कुटुंब असण्याची शक्यता अधिक.

कुटुंबाशी बोलताना चौकशी अधिकाऱ्याचा सूर नसावा, पण प्रश्न चुकवूही नयेत. घरातील प्रत्येकाला प्राणी हवा आहे का? ज्या आजी-आजोबांच्या अंगावर दिवसभराची जबाबदारी पडणार आहे, ते आज येथे आले आहेत का? घर भाड्याचे असेल तर मालकाला सांगितले आहे का? सोसायटीत विरोध आहे का? गृहनिर्माण सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. ही माहिती कुटुंबाला द्यावी, पण रोजच्या भांडणाची तयारी नसलेल्या घरात प्राणी पाठवूही नये. गणपतीला आणि मे महिन्यात गावी गेल्यावर प्राण्याकडे कोण पाहणार? मांजर हवे असेल तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे का? उंच इमारतींतून मांजरे पडण्याच्या घटना सतत घडतात.

एक प्रश्न आपल्या समाजात नाजूक आहे, तरी विचारावाच लागतो. पूर्ण शाकाहारी घरात मांजर न्यायचे असेल तर त्याच्यासाठी मांसाहारी खाणे घरात चालेल का? मांजराच्या शरीराला टॉरिन हे द्रव्य पुरेशा प्रमाणात स्वतः तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळते आणि त्याच्या कमतरतेने डोळे आणि हृदय निकामी होते. दूध-पोळीवर मांजर जगवू, असे कोणी प्रेमाने म्हटले तर त्यांना हे समजावून सांगावे आणि तयार खाद्याचा पर्याय सुचवावा. बहुतेक लोक ऐकून घेतात.

माझ्या अनुभवात सर्वांत बोलके उत्तर ‘यापूर्वीच्या प्राण्याचे काय झाले?’ या प्रश्नाचे असते. ‘म्हातारा होऊन गेला’ असे सांगताना ज्यांचा आवाज बदलतो त्यांना मी फारसे आणखी काही विचारत नाही. ‘फार्महाऊसवर सोडला’ असे सहज सांगणाऱ्यांना आणखी बरेच विचारते. नकार द्यायची वेळ आली तर तो त्याच दिवशी, कारणासह आणि अपमान न करता द्यावा, आणि त्यांना शेल्टरमध्ये शनिवारी कामाला येण्याचे निमंत्रण द्यावे. नकार मिळालेल्या एका ताई आज आमच्या मांजरांच्या खोलीची सारी व्यवस्था पाहतात.

पायरी सातवी : घरी गेल्यानंतर

दत्तक देणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब प्रचलित आहे : बावरलेपण कमी व्हायला तीन दिवस, घराची दिनचर्या कळायला तीन आठवडे आणि हे माझे घर असे वाटायला तीन महिने. हा काही नियम नव्हे, पण कुटुंबाला धीर द्यायला उपयोगी पडतो. पहिल्या दोन दिवसांत कुत्रे जेवत नाही, कोपऱ्यात बसून राहते, घरात लघवी करते, आणि नेमके त्याच वेळी नातेवाईक पाहुणचाराला येतात. म्हणून पहिला आठवडा कोणालाही घरी बोलावू नका, हे लेखी द्यावे. दुसऱ्या, सातव्या, एकविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करावा, आणि ‘कसा आहे?’ असे मोघम न विचारता ‘काल रात्री कोठे झोपला?’, ‘जिना चढला का?’ असे विचारावे. मोघम प्रश्नाला ‘मजेत आहे’ एवढेच उत्तर मिळते.

प्राणी परत आणणाऱ्या कुटुंबावर राग धरू नये. प्राण्याला उपाशी किंवा तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ज्यांनी तसे न करता फाटकापर्यंत येण्याचा धीर दाखवला त्यांना बसवून, चहा देऊन, काय घडले ते सविस्तर विचारून घ्यावे. त्यांनी सांगितलेले तपशील पुढच्या कुटुंबासाठी सोन्यासारखे असतात.

वृद्धाश्रमांच्या भेटींविषयी थोडे

अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६० च्या दशकात आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने मुलांवर उपचार करण्याचे अनुभव मांडले, तेव्हापासून प्राण्यांच्या सोबतीचा उपचारात उपयोग करण्याची रीतसर शाखा वाढत गेली. पण त्यासाठीचे कुत्रे निवडलेले आणि प्रशिक्षित असतात. शेल्टरमधील कोणताही गोड कुत्रा उचलून वृद्धाश्रमात नेणे दोन्ही बाजूंना धोक्याचे आहे : आजी-आजोबांची त्वचा पातळ असते, नखाचा ओरखडा लवकर भरत नाही, आणि दोरी पायात अडकून पडण्याची भीती असते. किमान सहा महिने ओळखीचा, काठी, चाकाची खुर्ची आणि खोकल्याचा आवाज यांना न घाबरणारा प्राणीच न्यावा, नखे कापून आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन. ज्यांना चालता येते त्या ज्येष्ठांना शेल्टरमध्ये आणणे मला अधिक आवडते. आमच्याकडे दोन आजोबा दर गुरुवारी येतात, अंध कुत्र्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि आपसात राजकारणावर बोलतात. कुत्रा त्यांच्या आवाजाच्या मधोमध झोपतो.

नोंदवही

घरी जाण्यापूर्वी पाच मिनिटे नोंदवहीसाठी राखून ठेवावीत. तारीख, वेळ, पिंजरा क्रमांक, काय केले, प्राण्याने काय केले, आणि पुढच्या माणसाने काय करावे, इतके पुरे. ‘छान होता’, ‘गोड आहे’ असे लिहू नये. दिसले ते लिहावे : कान, शेपटी, अंतर, मिनिटे. एका स्वयंसेवकाची सुट्टी असली तरी दुसऱ्याला काम तेथूनच पुढे नेता येते ते या वहीमुळे, आणि दत्तक देताना ओळखपत्रावरील खरा मजकूरही याच वहीतून निघतो.

त्या तांबूस कुत्रीची पाने मी अजून ठेवली आहेत. पहिल्या शनिवारची नोंद ‘३० मिनिटे वाचन, पाठ फिरवलेली, खाणे घेतले नाही’ अशी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या शनिवारी तेच शब्द आहेत. चौथ्या शनिवारी वाचायला त्या बाई नव्हत्या, त्यांच्या जागी मामा बसले होते, आणि त्यांच्या अक्षरात लिहिले आहे : ‘पाठ फिरवलेली. पेपरचे पान उलटले तेव्हा डावा कान हलला. पुढच्या वेळी पाने जास्त वेळा उलटावीत.’